टॅप डान्सचे तिकीट आणि न कापलेला शिक्का

निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, तरी एका टपाल तिकिटाची ती केस तपशिलासकट माझ्या लक्षात आहे.

मी तेव्हा इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होते. सोमवारी सकाळी शनिवार-रविवारच्या तक्रारी वाटल्या जात. "दोघी तुझ्या गावच्या दिसतात," असे म्हणत इन्स्पेक्टरने ही फाइल माझ्यापुढे सरकवली. एक मुंबईची, दुसरी नागपूरची आणि मी पुण्याची. मी नकाशा दाखवत बसले नाही.

मुंबईच्या बाई मराठी ज्यू कुटुंबातल्या, वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षे त्यांनी मेडनहेडच्याच एका चर्चच्या हॉलमध्ये मुलींना टॅप डान्स, म्हणजे बुटांनी ताल धरायचा नाच, शिकवला होता. अमेरिकेत टॅप डान्सच्या गौरवार्थ तिकीट निघाले, तेव्हा तिथे स्थायिक झालेल्या एका जुन्या विद्यार्थिनीने ते लावून त्यांना पत्र पाठवले. त्या तिकिटावर नर्तकीच्या मागचा रंग छपाईत सुटला होता. ती कोऱ्या पांढऱ्यावर नाचत होती. संग्राहकांच्या लेखी अशी चूक दुर्मीळ. स्थानिक वर्तमानपत्रात तिकिटाचा फोटो आला आणि पंधरा दिवसांत खिडकीत मांडून ठेवलेले ते पाकीट नाहीसे झाले.

घराची दुसरी किल्ली फक्त बाईंची देखभाल करणाऱ्या केअररकडे होती. ती नागपूरची, वर्क व्हिसावर आलेली. तिला नेमणाऱ्या एजन्सीने तिला कामावरून थांबवले आणि आम्हाला कळवले. चोरी तिच्या नावावर लागली असती तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा आणि मग परतीचे विमान.

गप्प राहण्याच्या हक्काची कायदेशीर सूचना, म्हणजे कॉशन, वाचून, वकील हजर ठेवून, रेकॉर्डिंग सुरू करून मी तिला प्रश्न विचारले. ती एकच वाक्य बोलत राहिली. "मी नाही घेतलं, मॅडम." खरे सांगायचे तर मला तिचाच संशय आला. क्लायंटच्या घरातले बाहेर बोलायचे नाही, अशी तिला एजन्सीची ताकीद होती, हे मला नंतर कळले. आधी विचारायला हवे होते.

बाईंचा मात्र तिच्यावर काडीचाही संशय नव्हता. "अगं, तिला हवं असतं तर तिने मागितलं असतं. मी दिलंही असतं."

"घरात दुसरं कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

चार दिवसांनी तिकीट संग्राहकांच्या क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला. त्यांच्या एका जुन्या, इंग्रज सभासदाने बैठकीत असेच तिकीट मिरवले होते. चुलतभावाच्या पत्रावर आले, असे तो सांगत होता. सेक्रेटरीने वर्तमानपत्रातला फोटो पाहिलेला होता.

मी बाईंकडे परत गेले आणि त्या माणसाचे वर्णन केले.

"तो होय? चहाला आला होता. शॉर्टब्रेडची बिस्किटं संपवून गेला. सभ्य आहे."

"मग तुम्ही कोणी नाही कसं म्हणालात?"

"तू चोराची चौकशी करत होतीस. पाहुण्याचं नाव पोलिसांना कोण देतं?"

त्याच दिवशी मी अमेरिकेतल्या विद्यार्थिनीला ईमेल केला. तिने टपाल कार्यालयाच्या काउंटरवर, शिक्का मारल्यानंतर, पाकिटाचा फोटो काढला होता. तो तिने लगेच पाठवला. शिक्का तिरका होता आणि त्याच्या एका कडेला शाई फासली गेली होती.

फोटो फाइलमध्ये ठेवूनच मी त्या सभासदाला बोलावले. तो वकिलासह आला. त्याच्याकडून जप्त केलेले तिकीट टेबलावर होते. अशी नवी चिकट तिकिटे पाण्यात भिजवून सुटत नाहीत, म्हणून त्याने ते पाकिटाच्या कागदासकट कापले होते, चांगले ऐसपैस.

"हा शिक्का तुमच्या चुलतभावाच्या पत्रावरचाच ना?"

"अर्थातच."

"कडेचा कागद आणखी कापता आला असता. अर्धा शिक्का तरी गेला असता."

त्याच्या अल्बमवर मी ओला कप ठेवला असावा, तशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले. "शिक्का कापायचा नसतो, सार्जंट. शाळकरी मुलं कापतात."

मग मी फोटो शेजारी ठेवला. तोच तिरकेपणा, तीच फासलेली शाई. वकिलाने वेळ मागून घेतला. वीस मिनिटांनी दोघे परत आल्यावर सभासदाने सगळे कबूल केले. बाई चहा ओतायला आत गेल्या, तेवढ्यात पाकीट त्याच्या कोटाच्या खिशात गेले होते.

"त्या बाईंनी ते खिडकीत, उन्हात ठेवलं होतं," तो म्हणाला. "रंग उडाला असता."

"आणि त्यापायी एका निरपराध मुलीला देश सोडावा लागला असता."



त्या दिवशी ठाण्यात मी ताठ मानेने चालले, हे लपवत नाही. कोर्टात त्याने गुन्हा मान्य केला आणि तिकीट बाईंकडे परत गेले. किल्ली कोणाकडे आहे, हे कोणीही विचारतो. चहा कोण पिऊन गेले, हे विचारायला मी त्या घरात शिकले.

पण मोठा धडा केअररने दिला. कबुलीजबाब झाल्याबरोबर मी तिला फोन केला. तुमच्यावर काही नाही, असे सांगितले. ती रडेल अशी माझी अपेक्षा होती.

"थँक यू, मॅडम. पण एजन्सीला तोंडी चालत नाही," ती म्हणाली. "लेखी द्या."

मी तासाभरात लेखी दिले. तिने ते एजन्सीच्या मॅनेजरला सगळ्या स्टाफसमोर मोठ्याने वाचायला लावले आणि मंगळवारी ती कामावर हजर झाली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, ज्यांच्यावरचा संशय खोटा ठरला, त्या प्रत्येकाला मी फोन करण्याआधी पत्र पाठवले.