उभी वाटणी, आडवा बांध

सन १९८६. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा. लातूर वेगळा जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती, आणि पाऊस लागोपाठ दोन वर्षं दगा देऊन बसला होता. आमचं गाव मुरुडच्या अंगाला. नवा जिल्हा म्हणजे नवी हापिसं, नवे साहेब आणि त्यांच्या तोंडी नवे शब्द. मी दुसरी शिकलेला. सही येते, पाटी वाचता येते. तेवढ्यावर मी कुणाचं ऐकून घेत नव्हतो.

उन्हाळ्यात शेतीखात्याचा एक तरणा साहेब मारुतीच्या पारावर आला. पर्यावरण म्हणाला, पाणलोट म्हणाला, समपातळी बांध म्हणाला. मी सगळ्यांच्या पुढं बसलेला, प्रत्येक शब्दाला मान हलवत होतो. मागून एकानं विचारलं, "समपातळी म्हंजी काय हो?" तर मीच वळून दटावलं, "एवढं बी कळंना का तुला? गप ऐक." मला स्वतःला काडीचं कळलं नव्हतं.

कळलं ते एवढंच, की बांध आमच्या वावरातून आडवा जाणार. अन् आमची वाटणी उभी. आमच्याकडं भावाभावांत रान उतारासरशी उभं चिरून वाटतात. वर मुरूम, खाली काळी माती. आडवं कापलं तर एकाच्या पदरात नुसता मुरूम पडेल. मधला धुरा, हद्दीचा उंचवटा, मी अन् धाकट्या भावानं दोरी धरून टाकला होता, माथ्यापासून ओढ्यापर्यंत सरळ. पेरणीही तशीच, वरून खाली. अरुंद पट्टीत बैल आडवे किती वेळा वळवणार? धाकटा पुढं साप चावून गेला. त्याचा वाटा भावजय एकटी करत होती.

बांधाला दोघांची सही लागत होती. तिनं केली. माझी राहिली.

तिची विहीर खाली ओढ्याजवळ, पार आटलेली. दिवाळीपर्यंत पाणी लागलं नाही तर म्हशी विकायच्या आणि माहेरी, भोकरकडं, भावाच्या दारात जाऊन राहायचं, असं तिचं ठरलं होतं. वर पाणी अडवलं तर ते मुरून विहिरीला उतरेल, असं साहेबानं तिला सांगितलेलं.

आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. मी दोन हातांवर बसलेला असलो तरी पदर पुढं ओढून ती माझ्या बायकोशीच बोलायची.

"आक्का, दादास्नी इचारा, सहीला काय हरकत हाय?"

मीही बायकोलाच म्हणायचो, "सांग तिला, धुरा बुजला तर उद्या कुनाचं कुठवर ते कोन सांगनार? साहेब येनार हाय का?"

"धुरा बुजत न्हाई म्हनावं. मी साहेबाला धा डाव इचारून घेतलंय."

"लई शानी झाली म्हनावं."

बायको वैतागली. "तुमी दोघं बोला की एकदाचं. माझी भाकर करपून राहिली हितं."

त्या उन्हाळ्यात मी लातुरात बांधकामावर जायचो. गावात सांगताना मात्र काम बघायला जातो म्हणायचो. तिथं गवंडी पाणी भरलेली नळी घ्यायचा आणि तिची दोन टोकं जोत्याच्या दोन कोपऱ्यांवर धरायचा. "दोन्हीकडं पानी थांबलं, की ती एक पातळी," म्हणाला. मी घमेलं डोक्यावर घेऊन तिथंच उभा राहिलो. समपातळी म्हणतात ती हीच. त्या रेषेनं बांध घातला तर पाण्याला पळायला वाटच नाही. एवढं साधं होतं. पण घरी येऊन बोललो नाही. पारावर ज्याला दटावलं त्याचं तोंड आठवायचं आणि माझं मिटायचं.

हल्ली घरात शाश्वत, पर्यावरणपूरक, असं काय काय कानावर पडतं. नातवंडं समजावतात. दमून जातो ऐकून, पण आता मान हलवत नाही.

पोळ्याच्या आधी एकदाच जोराचा पाऊस झाला, भरदुपारी, तासभर. आम्ही तिघं आखाड्यावर, रानातल्या खोपटात होतो. पाणी पिकाच्या ओळींमधून सरळ खाली सुटलं. धुऱ्याच्या कडेनं तर धार लागली, चहाच्या रंगाची. माझीच माती ती, डोळ्यादेखत ओढ्याला मिळत होती. पाऊस थांबल्यावर भावजय विहिरीवर गेली. वाकून बघितलं, खडा टाकला. खडा चिखलात रुतल्याचा आवाज आला.

ती वळली. डोक्यावरचा पदर मागं पडला होता, तो तिनं सावरला नाही. सरळ मला म्हणाली, "दादा, तुमाला समजलं न्हाई ते न्हाई. इचारायचं तरी हुतं. मी न्हाई का इचारलं?"

मी बायकोकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती. आखाड्यावरून घरी आलो तेव्हा दिवस मावळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं लातूरला गेलो, थेट हापिसात. साहेबाकडून कागद मागून घेतला आणि सही केली.

"समजलं का मामा आता सगळं?" त्यानं विचारलं.

"समपातळी समजली," म्हणालो. "पाणलोट न्हाई समजला. पुन्ना सांगा."

आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.