तिसऱ्या रांगेतला स्पीकर

"सुमाताई, हे गेले हो," वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, आणि मला रडू फुटायच्या आधी आमच्या घरातला माळा आठवला. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, जाऊन आता महिना होईल. शोकसभेत सगळे त्याच्याबद्दल गोड बोलले, मीही बोलले. तिथे जे गिळलं ते इथे लिहिते आहे.

दिल्लीबाहेर, मानेसरच्या अलीकडे, हायवेला लागून, एक ड्राइव्ह-इन थिएटर होतं. गाडीत बसूनच सिनेमा बघायचा. प्रत्येक गाडीशेजारी एक खांब, त्याला वायरीने जोडलेला स्पीकर. तो गाडीच्या काचेला अडकवायचा आणि निघताना परत खांबावर लावायचा. दादा तिथे मॅनेजर होता. आमच्या घरात सगळे केंद्र सरकारात, आणि याने हाती आलेली सरकारी नोकरी सोडून हे पत्करलेलं, म्हणून वडील त्याला 'तंबूवाला' म्हणत. त्याला काही फरक पडत नसे. ऊन उतरायच्या आत तो सगळ्या रांगांतून फिरे, एकेक स्पीकर कानाला लावून बघे. सिनेमा सुटला की फाटकाशी उभा राहून प्रत्येक काचेवर टकटक करी, "स्पीकर लगाया ना वापस?" कारण माणसं विसरत, गाडी तशीच काढत, आणि वायर तुटून स्पीकर सोबत जाई.

एकदा मी आणि यजमान सिनेमाला गेलो, आणि आम्हीही विसरलो. त्या दिवशी दादा फाटकाशी नव्हता, कुणाची तरी चिखलात रुतलेली गाडी ढकलत होता. दिल्लीत घराजवळ, मुनिरका आलं तेव्हा स्पीकर माझ्या पायाशी सापडला. यजमान म्हणाले, "अच्छा, राहू दे. रविवारी नेऊन देऊ."

रविवारच्या आधीच दादा घरी आला. चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "सुमे, तिसऱ्या रांगेतला एक स्पीकर गेलाय. मालक म्हणतो, रामफलनेच विकला." रामफल तिथला चौकीदार. "तुमची गाडी तिसऱ्या रांगेतच होती ना गं?"

यजमान पेपरात डोकं खुपसून बसलेले. तेही सरकारी अधिकारी, साहेबाच्या घरात चोरीचा माल निघाला असता... मी म्हणाले, "आम्ही लावला होता की परत."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "तू म्हणतेस म्हणजे लावला असशील," म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून उठला. त्याच आठवड्यात रामफलला काढलं. त्यानंतर तर खरं बोलायला माझी जीभच रेटेना. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

पुढे थिएटर बंद पडलं. त्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले. खाली पार्किंग, तिथेही गाड्या रांगेतच. दादाची टकटक मात्र सुटली नाही. जावई निघो, टॅक्सीवाला निघो, हा काच वाजवणार आणि विचारणार, "स्पीकर लावला का परत?" सगळे हसत. इतक्या वर्षांत त्याने मला मात्र एकदाही विचारलं नाही. माझी गाडी निघाली की नुसता हात हलवी. त्याला ठाऊक होतं. एकदा तरी शिव्या घालायच्या होत्यास रे दादा! तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो, आणि माझा त्याहून जास्त.

तेराव्याला निघताना त्याच्या मुलाने, मन्याने, माझी काच वाजवली. डोळे सुजलेले, तरी हसायला बघत होता. "आत्या, बाबांच्या वतीने विचारतो. स्पीकर लावला ना परत?"

"हो रे, लावला," मी म्हणाले.

घरी येऊन मी माळ्यावरून तो स्पीकर उतरवला. वीतभर तुटकी वायर अजून लोंबते आहे. कानाला लावून बघितला, दादा बघायचा तसा. मन्या, तुझ्या बाबांनी कधी सांगितलं असेल तर रामफलचं गाव कोणतं ते मला कळव. आणि हे वाचल्यावर तुला यावंसं वाटलं तर ये... स्पीकर दाराशीच काढून ठेवलाय.