शिट्टी आणि ओंजळ

आमचे कवायतीचे सर म्हणजे अख्ख्या परभणी जिल्ह्याला दचकवायलाच जन्मलेला माणूस. गळ्यात पितळी शिट्टी, आणि ती कधी वाजेल याचा नेम नाही. एकदा मानवतच्या एसटी स्टँडवर एका गड्यानं बायकोवर हात उगारला, तशी सरांनी शिट्टी मारली. निघालेल्या बसच्या ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक दाबला, आणि गडी तसाच हात वर करून उभा! सरांनी गर्दीला विचारलं, "आता हे बदलायचं. याच्या जाग्यावर कोण उभा ऱ्हातो?"

शाळेतली नाटकंही ते अशीच करायचे. ऐन वाईट प्रसंगाला शिट्टी. मग प्रेक्षकांतल्या कुणीतरी उठायचं, पात्राची जागा घ्यायची आणि पुढचं बदलून दाखवायचं. तोवर नाटक संपलं म्हणायचं नाही, हा त्यांचा कायदा. पोरीला शाळेतून काढणाऱ्या बापाच्या जागी एकदा आमचे चुलते तावातावानं चढले. पोरीला त्यांनी शाळेत पाठवलं, पण आधी शेण, मग धार, मग भाकरी, मग धुणं! सरांनी कपाळाला हात लावला. "पाटील, पोरगी पोचली, पण शाळा सुटली की!"

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलेलं, आणि सरांनी नाटक घेतलं ते पाण्याचं. हेडमास्तर हबकलेच. "कशाला विस्तवात हात घालायलात?"

"विस्तव कुठं, पाणी हाय की!"

त्यात दलित पोराचं काम मला, पाटलाच्या पोराला. मी ओंजळ धरली, वरून तांब्यातलं पाणी पडलं, शिट्टी वाजली. उठला माझा वर्गमित्र किसन. तो दलितवस्तीतला, त्याची आई आमच्याच रानात कामाला. मला वाटलं, हा तांब्या हिसकणार. त्यानं माझे हात धरले. "आसं न्हाई रे. अजून वाक. कोपरं वर उचल, न्हाईतर पाणी बाहीत जातंय."

"कुणी शिकवलं रे तुला?" सरांनी विचारलं.

"याच्या आईनं."

माझी आई बायकांत पहिल्याच रांगेत बसली होती. बाप रे! माझ्या अंगावर कुणी उकळतं ओतल्यासारखं झालं. इतकी वर्षं ते पाणी आमच्याच अंगणात माझ्या डोळ्यांदेखत पडत होतं, आणि मला दिसलंच नव्हतं. "बदला आता," सर म्हणाले. कुणी हललं नाही. मीही हललो नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. "नाटक चालू हाय," एवढंच म्हणाले.

पुढं कुठंही भेटले, की पहिला प्रश्न, "संपलं का रे?"

"सर, किसन आता घरात येतो, तांब्या हातात घेऊन पितो. पण तेवढ्यात आई आत निघून जाते."

"मग चालूच हाय म्हण की," म्हणून ते चालू लागायचे.

आता सर नाहीत, आईही नाही. किसन उन्हातून आला की मी तांब्या पुढं करतो. बोलता बोलता त्याचे दोन्ही हात आधी ओंजळीसाठी जुळतात, कोपरं वर उचलली जातात. मग तो हसतो आणि तांब्या घेतो. तेवढ्या वेळात मी उगीचच शिट्टीची वाट बघत राहतो.