हीराबाईंचा जाडजूड कॉम्प्युटर

हीराबाईंना राग आला की त्या गप्प होत. त्या मे महिन्यात मात्र त्या बोलल्या, आणि अख्ख्या पेठेनं ऐकलं.

जळगावात धाकटे दीर रतिलाल यांच्या छापखान्यात त्या लग्नपत्रिका जुळवायच्या. नवरा गेल्यावर चाळिशीत कॉम्प्युटर शिकल्या. त्यांच्या वेलबुट्टीच्या पत्रिकांसाठी फैजपूर-सावद्याकडून माणसं येऊ लागली. अठ्ठ्याण्णव साली रतिलाल मुंबईहून वहीसारखा पातळ, चंदेरी लॅपटॉप घेऊन आले. जुना जाडजूड कॉम्प्युटर त्यांनी मुलांना खेळायला घरी धाडला.

"गिऱ्हाईक आधी दुकान बघतं, भाभी."

हीराबाईंनाही नवा लॅपटॉप आवडला होता. देखण्या वस्तूची हौस कुणाला नसते? पण ऊन पेटलं आणि पत्र्याखालच्या खोलीत ते यंत्र तव्यासारखं तापू लागलं. साधा मजकूर कसाबसा चाले. वेलबुट्टी चढवली की आधी रखडे, मग पडदा काळा. जुळवलेलं सगळं पाण्यात. त्यांनी रतिलालना परोपरीनं सांगितलं. ते हसण्यावारी नेत.

एका दुपारी यावलकडचे केळीवाले पितांबर घामाघूम होऊन आले. "बाई, पोरीचं लगन तोंडावर आलं. पत्रिका वाटायला माणसं थांबेल आहेत."

हीराबाई तोंड उघडणार, तोच रतिलाल गल्ल्यावरून म्हणाले, "काय करणार, पितांबरभाऊ! नव्या मशीनवर भाभींचा हात बसत नाही. वय झालं."

हीराबाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खुर्ची सरकवून उठल्या.

"या रतिभाऊ, बसा. यांच्या मुलीची पत्रिका तुम्हीच जुळवा. तुमचं काही वय झालेलं नाही."

गिऱ्हाइकासमोर नाही कसं म्हणणार? रतिलाल बसले. गणपती आला, कडेची वेल आली. नवरीचं नाव येईतो पडदा विझला.

"लाइट गेली वाटतं."

"वर पंखा फिरतोय!" हीराबाई कडाडल्या. "हे दुकान या हातांनी ओढलं, आणि परक्या माणसासमोर त्याच हातांना नावं ठेवता? देखणं काम मीही करते. पण पत्रिका कितीही नटवली आणि तिचं अक्षरच लागलं नाही, तर तिला पत्रिका म्हणाल का? यंत्राला रूप हवंच, पण काम झेपेल एवढं अंगही हवं!"

त्या तशाच तणतणत बाहेर पडल्या. दिराच्या घरून जुना कॉम्प्युटर हातगाडीवर चढवला आणि भर बाजारातून स्वतःच्या घरी नेला. पितांबर मागून गाडी ढकलत होते. संध्याकाळपर्यंत पत्रिका जुळली, वेलबुट्टीसकट.

चार दिवसांनी रतिलाल पेढे घेऊन आले. "भाभी, झालं गेलं विसरा. दुसरं, दमदार मशीन आणतो."

"आणा. पण आधी यावलला जा आणि पितांबरभाऊंना सांगा, खोट मशीनमध्ये होती, माझ्या हातात नाही."

रतिलाल गेले नाहीत. हीराबाईही परतल्या नाहीत. घराच्या पुढच्या खोलीवर त्यांनी आपल्या नावाची पाटी लावली आणि तिथंच पत्रिकांचं काम सुरू केलं. पुढे पुतणीच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच जुळवली, अगदी देखणी. ती न्यायला रतिलाल आले, तेव्हा हीराबाईंनी गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला आणि एक शब्दही न बोलता दार लोटून घेतलं.