पाण्याखाली बसलेली अक्का

फोन आला तेव्हा मी दुकानात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होतो. पलीकडून एक बाई मोडक्या हिंदीत बोलत होती. मालदीवच्या ज्या दवाखान्यात माझी मोठी बहीण नर्स होती, तिथली. पेशंट आणायला दुसऱ्या बेटाकडे निघालेली बोट वादळात उलटली होती. बाकीचे सापडले, अक्का सापडली नव्हती. शोध चालू आहे म्हणाली, मीही घरी तेवढंच सांगितलं… पुढं शोधही थांबला.

आमचं गाव सास्तूर. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेली ही पोरगी, पोरीबाळींना विहिरीत कोण उतरू देतंय म्हणून पोहायलाही न शिकलेली, आणि नोकरीला गेली ती थेट समुद्राच्या मधोमध. तिथं जाऊन पोहायला शिकली, वर पाठीला हवेची टाकी बांधून तळाशीही जाऊ लागली. ‘‘बाळ्या, हितं पाण्याखाली म्युझियम हाय. दगडाची माणसं बसल्यात नुसती. मासे त्यांच्या कानातनं जातेत!’’ असं ती फोनवर ओरडून सांगायची, जणू समुद्राचं पाणी तिच्या कानातून अजून निघालंच नव्हतं. बेटावरच्याच माणसांच्या अंगाचे साचे घेऊन तिथले पुतळे करायचे होते, तेव्हा नर्सबाई म्हणून हिलाही बोलावलं. उभी राहा म्हणाले, तर ही म्हणे मला उभं राहून कंटाळा येतो, आणि सरळ मांडी घालून, डोळे मिटून बसली.

तो फोटो बघून आई भडकली होती. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि तसंच मातीत ठेवतात. भूकंपात माझ्या आजी-आजोबांच्या नशिबी ते आलं नाही, गावासोबत एकाच सरणावर गेले, आणि आईच्या मनातून ते कधी गेलंच नाही. ‘‘जित्या माणसानं असलं सोंग करायचं न्हाय,’’ म्हणाली आणि फोन माझ्या हातात कोंबला. अक्का पलीकडं हसत होती. पण अक्का गेल्यावर त्याच आईनं विभूतीची वडी फडक्यात बांधून माझ्यापुढं ठेवली. ‘‘पोरगी तर घावली न्हाय. बसलेली हाय तिथं जा. कपाळाला लाव.’’ नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

मी मालदीवला गेलो. दवाखान्यातल्या तिच्या मैत्रिणींनी टाकी, सोबत उतरणारा इन्स्ट्रक्टर, सगळी सोय केली. मी विहिरीत वाढलेला माणूस, मला पाण्याचं भय नाही. पण तळाकडं जाताना कान दडपतात, आपलाच श्वास मोठ्यानं ऐकू येतो आणि वर नेमकं कुठं आहे तेच कळत नाही. अक्का शेवटी अशाच पाण्यात होती, हा विचार काही केल्या जाईना. पुतळे दिसू लागले. इन्स्ट्रक्टरनं त्यातल्या एकाकडं बोट दाखवलं. मांडी ओळखू आली. त्यावर चेहरा नव्हता. नाक, डोळे, ओठ, सगळ्यावर प्रवाळ चढलं होतं. तिथले लोक याला छान म्हणतात, पुतळे जिवंत झाले म्हणतात. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं, आणि तोंडात नळी होती. बाहीतून फडकं काढलं, वडी बोटांनी चुरली… पाण्याखाली विभूती लावायला निघालेला जगातला पहिला शहाणा मीच असेन. पांढरा धूर झाला, अन्न समजून मासे धावले, आणि पुतळ्याला हात लावायच्या आतच इन्स्ट्रक्टरनं माझं मनगट धरलं. हात लावायची बंदी होती. वर आल्यावर माझे लाल डोळे बघून मास्कमध्ये पाणी शिरलं का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

घरी येऊन आईला जे झालं ते सांगितलं. ‘‘टिकली न्हाय आई, विरघळली.’’ ती म्हणाली, ‘‘मग बसली न्हायच ती.’’ लोक येतात, समुद्राची लेक झाली वगैरे बोलतात. बोलणाऱ्याचं काय जातं! मला त्यातलं काही पटत नाही. अक्का कुठंच नाही, एवढंच मला कळतं.

सुटीवर आली की अक्का चहाच्याही आधी आईशेजारी बसून तिचं मनगट हातात घ्यायची, घड्याळाकडं बघत नाडी मोजायची आणि ‘‘तुला काय धाड न्हाय,’’ असं सांगायची. हल्ली आई दुपारी ओसरीवर बसून आपल्याच मनगटावर बोटं ठेवते. इकडं दाबते, तिकडं दाबते. ‘‘लागत न्हाय रे,’’ म्हणते. परवा मी जवळ जाऊन बोटं ठेवली. नाडी चांगली चालली होती. ‘‘लागतीय की आई,’’ म्हणालो. तिनं हात ओढून घेतला, पदराखाली झाकला.

‘‘तुला काय कळतंय त्यातलं…’’