ह्यूगीच्या हातावरचा ट्राउट

उत्तर आयर्लंडमध्ये, टिरोनच्या त्या गावात ह्यूगी मॅकअलिरसारखं मासे कोणी धरत नव्हतं. गळ नाही, जाळं नाही. ओढ्याच्या काठावर पालथं पडायचं, दगडाखाली हात सारायचा, ट्राउट माशाच्या पोटाला बोटांनी गुदगुल्या करत हळूहळू कल्ल्यांपर्यंत जायचं आणि मग आवळायचं. कायद्यात बसत नाही हे. पण साठ वर्षांत त्याच्या वाटेला कोणी गेलं नाही.

२००६च्या फेब्रुवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे हलायचा, पण गरम कप भाजला तरी कळायचं नाही. सतीश रोज सकाळी त्याची अंघोळ, नाश्ता बघायला जायचा. मूळचा संगमेश्वरचा, म्हाताऱ्या-आजाऱ्यांचं बघणाऱ्या केअररच्या परमिटवर, एका एजन्सीमार्फत आलेला. म्हाताऱ्याला कोणी वाकडं बोललं, की हा सरळ अंगावर जायचा. एजन्सी गेली उडत.

मे महिन्यात कळलं, सोमवारी सोशल वर्करबाई येणार. ह्यूगीने घरात एकट्याने राहायचं की म्हाताऱ्यांच्या होममध्ये जायचं, ते ठरवणार. ह्यूगी म्हणाला, ती कोण ठरवणार, ट्राउट ठरवेल. हाताला मासा कळला तर घर सोडत नाही. नाही कळला तर मीच निघतो.

शनिवारी सतीशने त्याला ओढ्याच्या काठावर पालथं झोपवलं. आधी स्वतः हात घालून बघितला. पण सवय संगमेश्वरची, बिळात हात गेला की झडप. मासा सटकला. ह्यूगी हसला. तुम्ही लोक दरोडा घालता, म्हणाला, आम्ही लग्न जुळवतो.

मग त्याने डोळे मिटून उजवा हात पाण्यात सोडला. सतीश त्याचे पाय धरून वाकून बघत बसला. पाणी नितळ होतं. बऱ्याच वेळाने वीतभर ट्राउट दगडाखालून सरकला आणि ह्यूगीच्या तळहातावर येऊन टेकला. तिथेच शेपटी हलवत राहिला.

ह्यूगी वाटच बघत होता.

"आवळ" असं सतीशच्या अगदी ओठावर आलं होतं. सांगावं तर म्हाताऱ्याची अट मोडते, न सांगावं तर घर जातं. त्याने नुसते पाय घट्ट धरले. मासा गेला.

"होता का रे?"

"नव्हता. पाणी गार आहे आज. उद्या येऊ आपण."

ह्यूगीने हात वर काढला, नाकाशी नेला, हुंगला. तळव्याला माशाचा वास होता. परत हुंगला.

"खाटेखाली तपकिरी बॅग आहे," तो म्हणाला. "ती तूच उचल. मला हँडल कळणार नाही."