सैल पँट

दुकान गेलं तेव्हा मशीन घरी आणलं. घर म्हणजे इथं आखातात, करामा भागातली एक खोली. पोरगा खोर फक्कानच्या बंदरात कामाला, शुक्रवारी यायचा. बाकी दिवस मी आणि ही. मी कापायचो, शिवायचो. काजं, बटणं, तुरपाई हिच्याकडे.

घरीच बसायचं म्हणून पहिल्या दिवशी लुंगी-बनियनवर मशीनला बसलो. ही पुढ्यात येऊन उभी.

"अहो, उठा. पँट घाला."

"कुणाला दाखवायचीय? तुला?"

"मी बघून बसलेय. पण बाई ब्लाउज घेऊन आली तर तिला मास्तर दिसू दे. आणि लुंगीत तुम्ही एक कापड झालं की आडवे होता."

खोटं नव्हतं. पलंग हाताशीच होता. पँटीला इस्त्री असली की ती मोडेल म्हणून माणूस लोळत नाही. तेवढंच आहे त्यात, बाकी काही नाही. मग रोज सकाळी इस्त्रीची पँट, शर्ट खोचलेला, आणि ही माझ्या गळ्यात टेप टाकून म्हणायची, "यल्ला, मास्तर." यल्ला म्हणजे चला; अरबी तिला तेवढंच यायचं.

ती तापानं गेली. इस्पितळात नेली ती परत आली नाही.

मी लुंगीवर आलो. कापडं पडून राहिली. उद्या करू म्हणायचं आणि पलंगावर पडायचं. गिऱ्हाईकं तुटली. पोरगा म्हणाला, "बाबा, खलास करा आता. पुढच्या शुक्रवारी माणूस आणतो, मशीन देऊन टाकू. तुम्ही गावी जा." गावात काय आहे? बंद घर. मशीन गेलं की मी नुसता म्हातारा. पण त्याला नाही म्हणायलाही उठवेना.

शेजारची मल्याळी बाई पोरींच्या शिवायला दिलेल्या युनिफॉर्मचं विचारायला आली. बेल वाजली म्हणून घाईनं पँट चढवली. ती कमरेवर राहत नाही हे ठाऊक होतं. मी वाळलो होतो. नाडा बांधून दार उघडलं. बाईनं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मास्टरजी, पहले अपनी पँट तो ठीक करो. गुरुवार को आऊंगी. नहीं हुआ तो कपडा वापस."

शिंप्याला याहून वाईट काय बोलणार?

पँटीची कंबर मागच्या शिवणीतून कमी करतात. पाच मिनिटांचं काम. पण कमरपट्टीच्या आत मागे तुरपाई होती, हिच्या हाताची. टाके इतके बारीक की बोटाला लागायचे नाहीत. ते उसवल्याशिवाय कंबर कमी होत नाही. म्हणून तर इतके दिवस पँट तशीच टांगून ठेवलेली. मी खिडकीपाशी बसलो आणि उसवली. रडलो. उसवलेला दोरा टाकायचा कुठं तेही कळेना, तो शर्टाच्या खिशात ठेवला.

शिवण मारून कंबर कमी केली. आतली तुरपाई माझी मला करावी लागली. माझा हात जाड. मग इस्त्री केली, पँट घातली आणि युनिफॉर्म कापायला घेतले. बाई गुरुवारी घेऊन गेली.

शुक्रवारी पोरगा माणूस घेऊन आला. मला बघून दारातच थांबला.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही. कामावर आहे."

त्यानं त्या माणसाला खाली नेऊन चहा पाजला आणि वाटेला लावलं.

ती पँट अजून वापरतो. माझे टाके पाठीला टोचतात. तिचे कधी टोचले नाहीत.